धडका कोण मोजणार? एनएफएलला एक खुलं पत्र

प्रति,
मा. रॉजर गुडेल, कमिशनर, नॅशनल फुटबॉल लीग,
आणि लीगच्या ३२ संघांचे मालक व कारभारी यांस,

स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलच्या तुमच्या लीगमध्ये प्रत्येक संघाने हंगामात १८ सामने खेळावेत, ही इच्छा गुडेलसाहेब, तुम्ही २०२४ पासून जाहीरपणे बोलून दाखवता आहात. १९७८ पासून १६ सामने होते, २०२१ मध्ये ते १७ झाले. खेळाडूंच्या संघटनेशी तुमचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे, त्यामुळे अठराव्या सामन्याची घासाघीस आज ना उद्या होणारच. बंद दाराआड सौदा ठरण्याआधी खेळाडूंच्या डोक्याला बसणाऱ्या धडका आणि त्यांनी झिजणारा मेंदू यांबद्दल काही गोष्टी चारचौघांत मांडायला हव्यात, म्हणून हे पत्र.

आम्ही अमेरिकेत राहणारे मराठी लोक. आमच्यात मेंदूविकारांवर उपचार करणारे डॉक्टर आहेत, जायबंदी खेळाडूंना पुन्हा उभं करणारे फिजिओथेरपिस्ट आहेत, आणि ज्यांची मुलं शाळेच्या संघातून मैदानात उतरतात असे आईबापही आहेत. इंग्रजीत तुम्हाला पत्रं पुष्कळ येतात. हे मराठीत आहे, कारण शाळेच्या परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्या आमच्या माणसांनी ते तुमच्याआधी वाचावं अशी इच्छा आहे. तुमच्यासाठी भाषांतर करून घेणं तुम्हाला जड नाही.

या विषयाची ओळख आपल्याकडे अनेकांना २०१५ च्या नाताळात आलेल्या ‘कन्कशन’ या चित्रपटातून झाली. दिग्दर्शक पीटर लँडेसमन, मृत खेळाडूच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालूंच्या भूमिकेत विल स्मिथ, आणि गुडेलसाहेब, तुमच्या भूमिकेत ल्यूक विल्सन. चित्रपटात उणिवा आहेत. त्या आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यांच्या आडून निसटायला वाव राहणार नाही. ओमालूंचे वरिष्ठ सिरिल वेक्ट यांच्यावरचा खटला फुटबॉलच्या प्रकरणाशी जोडल्यासारखा दाखवलाय. तो २००६ चा खटला वेगळ्याच आरोपांचा होता आणि २००९ मध्ये निकालात निघाला. माजी खेळाडू डेव्ह ड्यूअरसन यांच्या चित्रणावर त्यांच्या कुटुंबाने आक्षेप घेतला, तो रास्त वाटतो. आणि डोक्याला बसणाऱ्या माराने मेंदू झिजतो हे ओमालूंच्या आधीपासून माहीत होतं: हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांबद्दल ते लिहून ठेवलंय. पण दुसरी बाजूही आहे. सोनीचे चोरीला गेलेले ईमेल बाहेर आल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की लीग दुखावू नये म्हणून पटकथेत आणि जाहिरातीत फेरफार झाले. दिग्दर्शकांनी ते नाकारलं. म्हणजे जो चित्रपट तुम्हाला बोचला, तो कदाचित आधीच बोथट केलेला होता.

आमचा मुख्य मुद्दा मात्र चित्रपटाच्या पलीकडचा आहे. पडद्यावर काय किंवा तुमच्या पत्रकांत काय, बोलणं होतं ते कन्कशनचं, म्हणजे खेळाडू भेलकांडतो, कोसळतो, त्या प्रसंगाचं. पण क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई, हा रोग प्रामुख्याने अशा दोन-चार प्रसंगांनी होत नाही. तो वर्षानुवर्षं बसलेल्या, कुणी न मोजलेल्या साध्या धडकांनी होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून खेळायचा. चेंडू खेळात आला की समोरासमोर हातभर अंतरावर वाकून बसलेल्या दोन रांगा एकमेकींवर आदळतात. डाव काही सेकंदांचा; पुढच्या डावासाठी घड्याळ ४० सेकंद देतं. एका संघाच्या वाट्याला सामन्यात असे साधारण ६० ते ६५ डाव येतात आणि रांगेतला गडी बहुतेक डावांत असतो. १७ सामन्यांचा हिशेब केला तर हंगामाला हजाराच्या आसपास डाव, आणि त्यातल्या बहुतेकांत कमीअधिक टक्कर. सराव यात धरलेला नाही.

यातल्या बहुतेक टकरींनी खेळाडूला काहीच जाणवत नाही. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, त्याचं काम तेवढंच. नारळाची करवंटी शाबूत राहिली म्हणून आतलं पाणी हिंदकळायचं थांबत नाही. मेंदू सुमारे १.४ किलोचा, मऊ, द्रवात तरंगणारा. डोकं झटक्यात वळलं की कवटी आधी फिरते, मेंदू मागे राहतो आणि चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. हा ताण मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचांच्या तळाशी आणि बारीक रक्तवाहिन्यांभोवती सगळ्यात जास्त असतो. तंतूंच्या आतल्या सूक्ष्म नलिकांना धरून ठेवणारं टाऊ नावाचं प्रथिन तिथे सुटं होतं, त्याची रासायनिक घडण बिघडते आणि त्याच्या गाठी साचतात. खाचांच्या तळाशी, रक्तवाहिन्यांभोवती साचलेलं हे टाऊ हीच सीटीईची ओळख मानली जाते. पुढे खेळ सुटला तरी गाठी पसरत राहतात. आधी चिडचिड, आततायीपणा, नैराश्य, मग विसरभोळेपणा, शेवटी स्मृतिभ्रंश.

सीटी स्कॅन किंवा नेहमीच्या एमआरआयमध्ये यातलं काही दिसत नाही. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे माजी खेळाडू माइक वेब्स्टर २४ सप्टेंबर २००२ रोजी पन्नाशीत वारले, तेव्हा त्यांचा मेंदू नुसत्या डोळ्यांना धडधाकट दिसला होता. ओमालूंनी तो फॉर्मलिनमध्ये ठेवला, पातळ काप काढवले, टाऊसाठीचा रंग चढवून घेतला, तोही पदरमोड करून, तेव्हा गाठी दिसल्या. जुलै २००५ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. लीगच्या मेंदूदुखापत समितीतल्या तिघा डॉक्टरांनी २००६ मध्ये तो लेख मागे घेण्याची मागणी केली. या समितीचे अध्यक्षपद बरीच वर्षं संधिवाततज्ज्ञाकडे होतं. (मेंदूच्या समितीवर सांध्यांचा डॉक्टर का, हे आम्हाला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.) आणि याच वेब्स्टरना खेळातल्या डोक्याच्या दुखापतींमुळे कायमचं अपंगत्व आलं, हे लीग आणि खेळाडू संघटनेच्या संयुक्त निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्येच मान्य केलं होतं! फुटबॉल आणि सीटीईचा संबंध तुमच्या अधिकाऱ्याने संसदेच्या समितीपुढे कबूल केला तो मार्च २०१६ मध्ये.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: तुम्ही चुकीची गोष्ट मोजता. २०२४ च्या हंगामात १८२ कन्कशन झाली, २०१५ पासूनची सर्वांत कमी, असं तुम्ही अभिमानाने सांगितलंत. आकडा घटला हे चांगलंच. पण २०२३ मध्ये बॉस्टन विद्यापीठ आणि सहकाऱ्यांनी ६३१ फुटबॉल खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास केला, त्यात निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येवरून रोगाचा अंदाज बांधता आला नाही. बांधता आला तो आयुष्यभरात डोक्याला बसलेल्या एकूण आघातांच्या जोरावरून. त्याच गटाचा आधीचा निष्कर्ष असा की खेळण्याची दर २.६ वर्षं वाढली की सीटीईची शक्यता दुप्पट होते. २०१७ मध्ये तुमच्या लीगच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई सापडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्यावर तुमचा आक्षेपही ठाऊक आहे, की लक्षणं असलेल्यांचेच मेंदू दान होतात. बरोबर आहे. त्या आकड्यावरून सगळ्या खेळाडूंमधलं प्रमाण काढता येत नाही, आणि जो काढतो तो चुकतो. पण जास्त खेळलं की जास्त रोग, हा चढता क्रम दान केलेल्या मेंदूंच्या आपापसांतल्या तुलनेतून आलाय, तो या आक्षेपाने पुसला जात नाही.

मग अठरावा सामना काय करतो? २०२१ पूर्वीच्या सोळावरून अठरा म्हणजे साडेबारा टक्के वाढ. त्या बदल्यात हंगामपूर्व सामना कमी करू, एकूण बेरीज तीच राहील, असं तुमच्या बाजूने सांगितलं जातं. ही बेरीज कागदावरची आहे. हंगामपूर्व सामन्यांत मुख्य खेळाडू जेमतेम थोडे डाव खेळतात किंवा बाकावर बसतात. नियमित सामन्यात तेच गडी शेवटपर्यंत असतात. बदली म्हणून गेलेला सामना आणि आलेला सामना, दोन्हींत त्यांच्या डोक्याला बसणारे आघात सारखे नाहीत.

धडका मोजता येत नाहीत, असंही आता म्हणता यायचं नाही. दातांवर बसवायच्या माउथगार्डमध्ये त्वरणमापक आणि फिरण्याचा वेग मोजणारे सेन्सर येऊन बरीच वर्षं झाली. वरच्या दातांना घट्ट बसत असल्याने ते कवटीबरोबर हलतात. हेल्मेटमधला सेन्सर हेल्मेट सरकलं की चुकतो. जागतिक रग्बी संघटनेने २०२४ पासून वरच्या पातळीवरच्या सामन्यांत असे माउथगार्ड आपल्या दुखापत तपासणीच्या नियमांत आणले. मोठा आघात नोंदला की मैदानाबाहेरच्या डॉक्टरला इशारा जातो. तुमच्याकडे २०१९ पासून काही संघांत प्रयोग चालू आहेत. सक्ती नाही.

दुसरी तक्रार सरावाची. मोठ्या कॉलेजांच्या सहा संघांवरच्या २०२१ च्या अभ्यासात ७२ टक्के कन्कशन आणि डोक्यावरच्या आघातांपैकी ६७ टक्के आघात सामन्यात नव्हे तर सरावात झालेले आढळले. तुमच्या संघांत सराव त्यापेक्षा मर्यादित आहे, ते मान्य: हंगामात पॅड घालून १४ सत्रं, हंगामापूर्वीच्या शिबिरात १६. पण कॅनडाच्या लीगने २०१७ मध्ये हंगामातले पॅडचे सराव पूर्ण बंद केले, आणि आयव्ही लीगच्या कॉलेजांनी २०१६ मध्ये हंगामातल्या सरावातून पूर्ण टॅकल, म्हणजे गड्याला धडकून खाली पाडणं, काढून टाकलं. तिथला खेळ मेला नाही. हेल्मेटवर चढवायचं मऊ कवच तुम्ही २०२२ पासून काही जागांवरच्या खेळाडूंना सरावात सक्तीचं केलंत. ठीक आहे, पण आघात न होणं आणि आघाताला उशी लावणं यांत फरक आहे.

तिसरी, गुरुवारचे सामने. २५ सप्टेंबर २०२२, रविवार. मायामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे डाव चालवणारा खेळाडू, टुआ टागोव्हायलोआ डोकं आपटून उठला आणि सगळ्या देशासमोर लटपटत कोसळला. पाठदुखी म्हणून त्याला त्याच सामन्यात परत पाठवण्यात आलं. चारच दिवसांनी, गुरुवारी, पुन्हा डोकं आपटलं आणि स्ट्रेचरवरून नेताना त्याची बोटं वाकडी ताठरलेली सगळ्यांनी पाहिली. चौकशीत नियमावली पाळली गेल्याचा निष्कर्ष निघाला. नियमावलीच अपुरी होती, म्हणून ऑक्टोबरात तोल जाणं हे थेट बाद ठरवणारं लक्षण त्यात घातलं. प्रश्न एवढ्याने मिटत नाही. परतीचे तुमचे पाच टप्पे आहेत: लक्षणं वाढणार नाहीत इतपत हालचाल, मग सायकल किंवा ट्रेडमिल, मग खेळातल्या हालचाली, मग टक्कर नसलेला संघासोबतचा सराव, शेवटी पूर्ण सराव आणि स्वतंत्र मेंदूतज्ज्ञाची मंजुरी. प्रत्येक टप्प्यानंतर लक्षणं परततात का हे पाहायला वेळ लागतो. रविवार ते गुरुवार या चार दिवसांत हे घाईशिवाय बसत नाही. शिवाय किरकोळ दुखणं लपवणाऱ्या खेळाडूला सावरायलाही दिवस उरत नाहीत. आणि दुखणं लपवलं जातं. हंगामापूर्वीची स्मरणचाचणी मुद्दाम वाईट देऊन ठेवायची, म्हणजे नंतरची घट दिसत नाही, ही युक्ती मैदानावर सगळ्यांना माहीत आहे.

चौथी तक्रार भरपाईची, आणि इथे आमच्यातल्या डॉक्टरांचा संयम सुटतो. मेंदूच्या दुखापतींवरून दावे लावलेल्या माजी खेळाडूंशी झालेला समझोता एप्रिल २०१५ मध्ये न्यायालयाने मंजूर केला, जानेवारी २०१७ पासून तो लागू झाला. त्यात एएलएसला (स्नायू हळूहळू निकामी करणारा चेतासंस्थेचा रोग) कमाल ५० लाख डॉलर, अल्झायमर आणि पार्किन्सनला ३५ लाख, सीटीईसह मृत्यूला ४० लाख. पण सीटीईची ही भरपाई २२ एप्रिल २०१५ पूर्वी मरण पावलेल्यांपुरतीच. जिवंतपणी सीटीईचं खात्रीचं निदान होत नाही. आणि त्या तारखेनंतर मेल्यावर झालं तरी त्याची दमडी मिळत नाही. सीटीईमध्ये बहुधा आधी येतात ती नैराश्य, संताप, आततायीपणा ही लक्षणं; ती भरपाईच्या यादीतच नाहीत. पाचपेक्षा कमी हंगाम खेळलेल्यांची रक्कम कापली जाते. तीन हंगामवाल्याची ४० टक्के. एवढ्यावर भागलं नाही. स्मृतिभ्रंशाच्या दाव्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बुद्धी कमी गृहीत धरणारी मोजपट्टी वापरली जात होती, म्हणजे तेवढेच गुण पडले तरी गोऱ्याला भरपाई आणि काळ्याला नकार. दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये न्यायालय गाठल्यावर २०२१ मध्ये तुम्ही ती सोडायला तयार झालात. ज्या लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत तिथे हे इतकी वर्षं चाललं.

संशोधन आणि बातमीदारी यांबद्दल थोडक्यात. २०१२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रतिष्ठानाला तुम्ही ३ कोटी डॉलर देऊ केलेत. २०१६ च्या संसदीय अहवालाने ठपका ठेवला की एका मोठ्या सीटीई अभ्यासाचे प्रमुख कोण असावेत यात लीगने गैरवाजवी ढवळाढवळ केली. २०१७ मध्ये करार संपला तेव्हा निम्म्याहून अधिक रक्कम तशीच पडून होती. त्याच २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवलं की तुमच्या समितीच्या १९९६ ते २००१ च्या ‘संपूर्ण’ नोंदींतून शंभरावर कन्कशन गायब होती. २०१३ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीने या विषयावरच्या एका माहितीपटातून अंग काढून घेतलं. दबाव नव्हता असं वाहिनी आणि लीग दोघांनी सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच ईएसपीएनमध्ये लीग दहा टक्के भागीदार होणार असल्याचं जाहीर झालं. तेव्हा यापुढे तिथे काय दाखवलं जातं आणि काय नाही, याकडे लोकांचं लक्ष राहील.

शेवटची तक्रार मुलांची. तुमच्या पैशांवर चाललेल्या ‘हेड्स अप’ प्रशिक्षणाने दुखापती ७६ टक्के आणि कन्कशन सुमारे ३० टक्के घटतात, असा गाजावाजा झाला. २०१६ मध्ये प्रत्यक्ष आकडे पाहिल्यावर तो दावा टिकला नाही. कित्येक आईबापांनी त्याच भरवशावर सह्या केल्या होत्या. तिशीच्या आत मरण पावलेल्या १५२ खेळाडूंच्या मेंदूंपैकी ६३ मध्ये सीटीई सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यात हौशी खेळाडूंचा भरणा मोठा होता. हेही दान केलेलेच मेंदू, तेव्हा सरसकट घाबरून जाऊ नये. पण लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मान बारीक असते, आणि तो लवकर सुरू करतो म्हणजे धडकांची वर्षं वाढतात. कंबरेची पट्टी ओढून गडी बाद करायचा फ्लॅग फुटबॉल आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे, तुम्ही स्वतः त्याचा प्रचार करता. मग चौदा वर्षांपर्यंत तोच का नको? हा खेळ परदेशी न्यायची तुमची घाईही आम्ही पाहतो. भारतात काही अमेरिकन माजी खेळाडूंच्या गुंतवणुकीतून एक लीग निघाली होती, तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघही होता. उद्या नव्याने कुणी पुण्यात हेल्मेटं घेऊन आलं, तर त्याच्या सामानात मेंदूची माहितीही असावी.

मागण्या अशा आहेत:

१. अठरावा सामना नको. विषय करारातून काढून टाकल्याचं लेखी जाहीर करा.

२. सामना असो वा सराव, प्रत्येक खेळाडूला सेन्सरचा माउथगार्ड सक्तीचा करा. नोंदी खेळाडूच्या मालकीच्या असाव्यात, निवृत्तीनंतरही त्याला मिळाव्यात. नाव वगळून त्या संशोधकांना खुल्या कराव्यात. कराराच्या वेळी पगारासाठी घासाघीस करताना संघांना त्या वापरायला बंदी असावी.

३. हंगामातली पॅडची १४ सत्रं शून्यावर आणा.

४. दोन सामन्यांत किमान सहा दिवसांचं अंतर. गुरुवारी खेळवायचंच असेल तर त्या संघाला आधीचा रविवार मोकळा द्या.

५. २२ एप्रिल २०१५ ची अट काढा. शवविच्छेदनात सीटीई निघालेल्या प्रत्येक माजी खेळाडूच्या कुटुंबाला भरपाई द्या, आणि वागणुकीतले व मनोवस्थेतले बदल उपचारखर्चासाठी तरी धरा.

६. संशोधनाला पैसा द्या, आणि संशोधक निवडण्यात हात घालू नका.

७. तुमच्या अनुदानावर चालणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमांत चौदा वर्षांखाली टॅकल बंद करा, आणि परवानगीच्या कागदावर ‘धोका कन्कशनचा’ एवढंच न लिहिता वारंवार बसणाऱ्या धडकांचा धोका स्पष्ट लिहा, पालकांना वाचता येईल त्या भाषेत.

उत्तर आम्हाला खासगीत नको. ते जाहीर द्यावं, आणि त्यात या सातांपैकी कशाला हो, कशाला नाही आणि का, हे क्रमांक घालून लिहावं.

आपले,
अमेरिकेतले काही मराठी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि पालक